फराळ ऑर्डरचं कोड: मॅपच्या की आणि व्हॅल्यू तपासतानाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

गणपती गेले, आता मावशीकडे दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू होणार. दादरला तिचा सात जणींचा गट आहे. मागच्या दिवाळीत सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर आणि एका एक्सेलमध्ये होत्या, धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मी आणि मावशी बसून हाताने याद्या जुळवत होतो आणि तरी दोन घरांचा फराळ पोचलाच नाही, त्यातल्या एका घरात एक आजी एकट्याच राहतात, ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून यंदा ऑर्डर घेणारं छोटं सर्व्हिस गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहितेय, ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी.

डेटा तीन मॅपमध्ये बसतो. मॅप म्हणजे जोड्यांची यादी, प्रत्येक जोडीत शोधायचा शब्द म्हणजे की आणि त्याच्यासमोरची नोंद म्हणजे व्हॅल्यू. पिनकोडवरून पोचवायचे पैसे, पदार्थावरून किती ग्रॅम, आणि विभागावरून तिथे कोण जाणार. म्हणजे सगळीकडे की ही माणसाने टाईप केलेली गोष्ट आहे आणि व्हॅल्यू म्हणजे आकडा किंवा नाव. डेटा नियमात बसतो का ते तपासायला गो-प्लेग्राउंडचं तयार व्हॅलिडेटर, व्हर्जन १०. वेब बाजूला, म्हणजे आलेल्या ऑर्डरी सर्व्हरवर घ्यायला, जिन ही तयार लायब्ररी.

या नोंदी मावशीची मुलगी पण वाचते, ती आत्ताच कोडिंग शिकायला लागलीय, म्हणून टॅगची (डेटाच्या रकान्याला कोडमध्ये चिकटवलेल्या नियमांच्या चिठ्ठ्यांची) नावं सुद्धा मराठीत लिहितेय आणि आकडेही मराठीत. कोडमध्ये अर्थात सगळं इंग्रजी आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

स्ट्रक्ट (डेटाच्या रकान्यांचे साचे) लिहिले, टॅग लावले, नऊ टेस्ट लिहिल्या, पहिल्याच फटक्यात सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मला एवढ्या पटकन हिरवं आलं की बरं वाटत नाही, म्हणून पोचवायच्या पैशात मुद्दाम उणे ५० टाकून पाठवलं तर सर्व्हरने २०० ओके, म्हणजे "घेतलं", असं उत्तर दिलं. मग पिनकोडच्या जागी नुसतं "अबक" टाकलं, तेही ओके.

तासभर गेला यात. जिन आतून हेच व्हॅलिडेटर वापरतं पण ते वाचतं "बाइंडिंग" नावाचा टॅग, आणि मी सगळीकडे "व्हॅलिडेट" लिहिलं होतं. अनोळखी टॅग असला तर गो मध्ये कोणालाच खटकत नाही, कंपायलर गप्प, जिन पण गप्प. म्हणजे माझा एकही नियम चालत नव्हता आणि नऊच्या नऊ टेस्ट हिरव्या होत्या, कारण नऊही टेस्ट चांगल्या डेटाच्या होत्या, "बरोबर ऑर्डर घेतली जाते" एवढंच त्या बघत होत्या, आणि नियम नसतील तर बरोबर ऑर्डर काय, कुठलीही ऑर्डर घेतली जातेच की.

तेव्हापासून स्वतःला घालून घेतलेली पद्धत: प्रत्येक नियमाला किमान दोन टेस्ट, एक हद्दीच्या जेमतेम आत आणि एक जेमतेम बाहेर, आणि प्रत्येक नियम एकदा कॉमेंट करून, म्हणजे तात्पुरता बंद करून, टेस्ट लाल (नापास) होते का ते डोळ्यांनी बघायचं, लाल झाली नाही तर ती टेस्ट त्या नियमाची नाहीच.

१३ सप्टेंबर, शनिवार

मॅपच्या टॅगची रचना आज नीट बसून समजून घेतली. नुसतं "मिन=१" लिहिलं तर ते मॅपला लागतं, म्हणजे आत किमान एक नोंद हवी. "रिक्वायर्ड" लिहिलं तर मॅप निल (म्हणजे दिलेलाच नाही असा) नको एवढंच, रिकामा मॅप त्यातून आरामात जातो. आतल्या व्हॅल्यूपर्यंत जायचं तर "डाइव्ह" लागतं आणि की तपासायची तर "डाइव्ह" च्या लगेच पुढे "कीज", मग कीचे नियम, मग "एन्डकीज", आणि त्यानंतर जे येईल ते व्हॅल्यूचं.

तर ऑर्डरच्या मॅपला मी लिहिलं होतं: मिन=१, डाइव्ह, कीज, रिक्वायर्ड, मिन=१, मॅक्स=२००००. म्हणजे पदार्थाचं नाव रिकामं नको आणि ग्रॅम १ ते २०००० मध्ये हवेत. नीट बघा, "एन्डकीज" नाहीये त्यात. मला वाटलं होतं असं काही विसरलं तर ते ओरडेल. "डाइव्ह" शिवाय "कीज" लिहिलं तर ओरडतं, स्पष्ट मेसेज देऊन पॅनिक होतं, म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो. नियमाचं नाव चुकवलं तरी पॅनिक होतं. पण शेवटचं "एन्डकीज" नसलं तर ते टॅगच्या शेवटापर्यंत सगळंच कीचं समजून चालतं. मग "मिन=१, मॅक्स=२००००" लागलं पदार्थाच्या नावाला, आणि नाव म्हणजे स्ट्रिंग (अक्षरांची ओळ), त्यामुळे नावाची लांबी १ ते २०००० मध्ये आहे का एवढं बघून पुढे. ग्रॅमला एकही नियम नाही. उणे ५०० ग्रॅम चकलीची ऑर्डर घेतली त्याने.

परवाच्या पद्धतीमुळे सापडलं हे, "ग्रॅम शून्य" ची ऑर्डर नाकारली जायला हवी होती ती गेली नाही. पॅनिकबद्दल पण एक लक्षात ठेवायचं, ते कंपाइल करताना येत नाही, त्या स्ट्रक्टची पहिली तपासणी होते तेव्हा येतं, म्हणून प्रत्येक स्ट्रक्ट टेस्टमध्ये एकदा तरी तपासून घेतला जायलाच हवा.

१४ सप्टेंबर, रविवार

मावशीकडे. मागच्या वर्षीची एक्सेल मागून घेतली आणि त्यातले सगळे पिनकोड एका फाइलमध्ये काढले, कारण टेस्टमध्ये मी माझ्या मनाने केलेला डेटा घालतेय तोपर्यंत काही कळणार नाही. काय काय निघालं: मधे जागा सोडलेले, भारतीय पद्धतीने स्वल्पविराम घातलेले म्हणजे ४,००,०२८, मराठी आकड्यात टाईप केलेले, पुढे "मुंबई" चिकटवलेले, आणि बरेचसे नुसते "२८" आणि "१४".

ते २८ आणि १४ लिहिणारे सगळे जुने दादरकर. मावशी म्हणाली, "अगं आम्ही पत्ता लिहायचो तो मुंबई २८ असाच, पिनकोड नंतर आला." खरंच आहे, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. मुंबईतले जुने क्रमांक नव्या पिनच्या शेवटी तसेच राहिले, दादर पश्चिम तेव्हाही २८ आणि आता ४०००२८. म्हणून त्या पिढीला २८ लिहिणं चूक वाटतच नाही, आणि मी पण त्याला चूक म्हणणार नाही, फक्त कोडला ते सांगावं लागेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पिनच्या कीवर "लेन=६, न्यूमेरिक" होतं, म्हणजे लांबी सहा आणि संख्या हवी. रविवारची सगळी यादी टेबल टेस्टमध्ये (एकच तपासणी यादीतल्या प्रत्येक ओळीवर चालते ती) घातली आणि वर मी थोड्या वाईट की स्वतः जोडल्या. "४००.२८" पास झाला. "-४०००२" पास झाला. या व्हॅलिडेटरचं "न्यूमेरिक" पुढे अधिक-उणे चिन्ह चालवून घेतं आणि मधे टिंब पण चालवून घेतं, कारण त्याच्या लेखी ती संख्या आहे. नुसते आकडे हवेत तर "नंबर" नावाचा वेगळा नियम आहे. पिनकोड ही संख्या नाहीच मुळी, ते सहा चिन्हांचं नाव आहे, त्याची बेरीज कोणी करत नाही. बदललं, आणि पहिला आकडा शून्य नको म्हणून "स्टार्ट्सनॉटविथ=०" जोडलं.

मी अजून एक जोडलं होतं, "स्टार्ट्सविथ=४००". मुंबई ४००, ठाणं ४००६०१, वाशी ४००७०३, सगळं त्यात बसतं म्हणून खूश होते. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आणि डोंबिवली?" डोंबिवली ४२१२०१. गटातल्या दोघी तिकडूनच येतात आणि जाताना लोकलने पिशव्या घेऊन जातात. नियम काढला. आपण कुठे पोचवतो हे दरांच्या मॅपलाच माहीत आहे, तिथे की असेल तर पोचवतो नसेल तर नाही, तीच गोष्ट टॅगमध्ये दुसऱ्यांदा कोंबायची गरज नव्हती. टॅगने फक्त कीचा आकार बघावा असं माझं मत झालंय.

मराठी आकडे तपासणीच्या आधीच इंग्रजी करून घेते, कारण "नंबर" ला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ कळतात. जागा आणि स्वल्पविराम पण आधीच काढते. दोन आकडी पिनचं मात्र आपोआप ४०००२८ करत नाही, "४०००२८ म्हणायचंय का?" असं विचारायचं ठरवलं. मावशीला ते पटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसात उशीर, मुलुंडला पोचेपर्यंत दहा वाजले. काही झालं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शून्य. आजचा पूर्ण दिवस शून्याचा.

दादर पश्चिमला पोचवायचे पैसे घेत नाही, म्हणजे ४०००२८ ची व्हॅल्यू ०. आणि मी व्हॅल्यूवर "रिक्वायर्ड" लावलं होतं. "रिक्वायर्ड" म्हणजे झिरो व्हॅल्यू नको, आणि इंटची (पूर्ण संख्येची) झिरो व्हॅल्यू, म्हणजे काही न भरता असते ती, शून्यच, म्हणून आमचा फुकटचा दर "भरलेला नाही" म्हणून नाकारला गेला. काढून टाकलं, नुसतं "जीटीई=०", म्हणजे शून्य किंवा जास्त, ठेवलं. मॅपमध्ये की आहे म्हणजे दर भरलाय, एवढं पुरेसं आहे असं तेव्हा वाटलं.

मग रात्री सुचलं की दर अजून ठरला नसेल तर काय. मावशी ती दरांची जेसन फाइल (की आणि व्हॅल्यू साध्या मजकुरात लिहायची पद्धत) स्वतः बघते आणि जिथे ठरलं नाही तिथे मीच तिला नल, म्हणजे "काही नाही", लिहायला सांगितलं होतं. टेस्ट लिहिली, अंधेरी पूर्व ४०००६९ ला नल. गो चं जेसन ते वाचतं, नल इंटमध्ये घालता येत नाही म्हणून काहीच घालत नाही, पण की मॅपमध्ये जातेच आणि व्हॅल्यू राहते शून्य. आणि शून्य म्हणजे आमच्याकडे फुकट! दादरहून अंधेरीला फुकट, ते पण एका न ठरलेल्या दरामुळे, आणि तपासणी हिरवी.

उपाय असा केला की व्हॅल्यू इंट न ठेवता इंटचा पॉइंटर (आकडा कुठे ठेवलाय त्याचा पत्ता, जो निलही असू शकतो) ठेवला, आणि "एन्डकीज" नंतर "रिक्वायर्ड, जीटीई=०". पॉइंटर असला की "रिक्वायर्ड" फक्त निल आहे का बघतं, शून्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर चालतो. आता चार टेस्ट आहेत: दर ४० पास, दर ० पास, दर नल नापास, दर उणे १ नापास. या चारही एकत्र असल्या तरच अर्थ आहे, तिसरी नसती तर पॉइंटर का आहे ते पुढच्या वर्षी मलाच आठवलं नसतं आणि मी "साफसफाई" म्हणून तो काढला असता.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री असल्याने मावशी सकाळभर स्वयंपाकात, मी गटातल्या काकूंबरोबर बसले. काकूच फोनवर ऑर्डरी भरणार आहेत. त्यांना म्हटलं, काकू तुम्ही रोज जसं लिहिता तसंच लिहा, मी फक्त बघते. त्यांनी शब्द अर्धा टाईप केला, कीबोर्डने सुचवलेला दाबला, आणि कीबोर्डने शब्दामागे स्वतःहून एक जागा सोडली. म्हणजे "चकली" नाही, "चकली" आणि वर एक स्पेस. मॅपच्या दृष्टीने दोन वेगळ्या की.

घरी येऊन ट्रिम (मागच्यापुढच्या मोकळ्या जागा कापणं) लावलं आणि लगेच त्याची टेस्ट: एकाच ऑर्डरमध्ये "चकली" ५०० आणि स्पेसवाली "चकली" १०००. ट्रिम केल्यावर दोन्ही की एक झाल्या आणि एक व्हॅल्यू गायब. मी दोन-तीनदा टेस्ट चालवली तर कधी ५०० उरतात कधी १०००, कारण गो मध्ये मॅप फिरताना क्रम ठरलेला नसतो, तो मुद्दामच तसा ठेवलाय, आणि जी की शेवटी येते ती जिंकते. म्हणजे गिऱ्हाईकाला अर्धा किलो मिळणार का एक किलो ते नशिबावर.

बेरीज करावी का? मावशीला विचारलं. ती म्हणाली, "नाही हं, दोनदा लिहिलं असेल तर फोन करून विचारायचं, आपल्या मनाने जोडायचं नाही, कोणाला एक किलोच हवी असते आणि चुकून दोनदा लिहितात." तसंच केलं. आणि त्यासाठी ऑर्डर मॅप म्हणून घ्यायचंच बंद केलं, आता ओळींची यादी घेते, प्रत्येक ओळ आधी साफ करते, तीच की दुसऱ्यांदा आली की एरर, आणि सगळं नीट असेल तरच शेवटी मॅप बनतो. मॅप बनल्यावर जे हरवलंय ते कुठलंच व्हॅलिडेटर परत आणून देऊ शकत नाही, त्याला ते दिसतच नाही.

आता यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. "खाऱ्या शंकरपाळ्या". यातला ऱ् तीन तऱ्हांनी टाईप होतो आणि स्क्रीनवर साधारण सारखाच दिसतो. एक म्हणजे सरळ ऱ हे युनिकोडमधलं ०९३१ चं अक्षर आणि हलन्त. दुसरा, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तिसरा, साधा र, हलन्त, आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर, जो दिसत नाही. पहिले दोन एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची पद्धत) केलं की एकच होतात. तिसरा होत नाही, युनिकोडच्या लेखी तो वेगळाच. आणि तो न दिसणारा जॉइनर सरसकट उडवून टाकला तर उरतं "खार्या", रफारवालं, जो शब्दच नाही. म्हणून आधी र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याच्या जागी ऱ-हलन्त, मग बाकी न दिसणारी चिन्हं काढणं, आणि मग एनएफसी. टेस्टमध्ये तिन्ही रूपं एस्केप करून आकड्यात लिहिली आहेत, डोळ्यांना सारखी दिसणारी तीन स्ट्रिंग टेस्टमध्ये तशीच ठेवली तर पुढे कोणाचा तरी एडिटर त्यांना एक करून टाकेल.

जाता जाता लांबीचं. "मॅक्स=१५" ठेवलं होतं नावाला, खाऱ्या शंकरपाळ्या त्यातच अडकल्या. व्हॅलिडेटर रून (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) मोजतं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे रून, म्हणून हे नाव १७ भरतं. गो चं साधं लेन तर बाइट मोजतं, त्यात ४९. ४० केली हद्द.

२३ सप्टेंबर, मंगळवार

विभागाच्या मॅपमध्ये की म्हणजे विभागाचं नाव, तिथे मी "अल्फायुनिकोड" लावलं होतं, कुठल्याही भाषेतली अक्षरं चालतात म्हणून. टेस्टमध्ये उदाहरण घेतलं होतं "परळ". पास. आज खरी यादी घातली तर दादर नापास, वरळी नापास, कुर्ला नापास, आणि परळ आणि पवई मात्र पास. थोडा वेळ नुसती बघत बसले. मग कळलं, तो नियम फक्त युनिकोडच्या अक्षर या वर्गात बसणारी चिन्हं घेतो, आणि आपला काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे चिन्ह या वेगळ्या वर्गात येतात. परळमध्ये प र ळ, तीन सुटी अक्षरं. पवईतली ई पण पूर्ण अक्षर. दादरच्या पहिल्या काना पाशीच नियम थांबतो.

हे मला मनापासून खटकलं. नाव "युनिकोड" आहे आणि त्यात मराठी बसत नाही, हिंदी पण नाही बसणार. स्वतःचा नियम लिहिला, अक्षर वर्ग किंवा चिन्ह वर्ग किंवा एक साधी जागा, आणि पहिलं अक्षरच हवं. नाव दिलं "मराठीनाव". टेस्टमध्ये उदाहरणं घेताना आता बघते की त्यात काना असलेलं, जोडाक्षर असलेलं, अनुस्वार असलेलं आणि रफार असलेलं एकेक तरी नाव आहे. परळ हे माझं उदाहरण वाईट नव्हतं, पण एकटं होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सीआयवर (कोड पाठवला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) एक टेस्ट कधी पास कधी नापास. घरी चालते, तिथे पडते. काउंट ५० देऊन, म्हणजे ५० वेळा, चालवली तर घरीही पडली. दोन की खराब असलेल्या मॅपच्या टेस्टमध्ये मी "पहिली एरर ही हवी" असं लिहिलं होतं, आणि परत तेच, मॅपचा क्रम. आता एरर गोळा करून आधी सॉर्ट करते आणि मग जुळवते. मॅपची कुठलीही टेस्ट आता मी आधी ५० वेळा चालवल्याशिवाय पुश करत (सर्व्हरवर पाठवत) नाही.

यातच दुसरी गोष्ट सापडली. की खराब असली तरी एररमधलं नाव "दर[४००.२८]" असं येतं आणि व्हॅल्यू खराब असली तरी तेच येतं. दोन्ही खराब असतील तर एकाच नावाच्या दोन एरर. आणि मी काय करत होते, नाव हीच की धरून एरर एका मॅपमध्ये भरत होते! म्हणजे एकीने दुसरी पुसली आणि काकूंना दोनपैकी एकच चूक दिसली असती, ती दुरुस्त करून परत पाठवलं की दुसरी.

ऑफिसातला मित्र जावावाला आहे, त्याला जेवताना सांगितलं. तो म्हणाला त्यांच्याकडे २०१७ च्या बीन व्हॅलिडेशन २.० पासून मॅपच्या टाइपमध्येच कीला वेगळा आणि व्हॅल्यूला वेगळा नियम लिहिता येतो, आणि एररच्या पत्त्यात ती की ची आहे का व्हॅल्यूची ते स्पष्ट येतं. ते मला आवडलं. आमच्याकडे मग असं केलं: कीच्या नियमांना एक टोपणनाव दिलं, "पिनकी", म्हणजे लेन, नंबर, स्टार्ट्सनॉटविथ हे तिन्ही त्या एका नावाखाली. टोपणनाव दिलं की एररचा टॅग विचारल्यावर तेच नाव मिळतं, त्यावरून ही कीची चूक हे कळतं. आणि एरर मॅपमध्ये नाही, साध्या यादीत.

२८ सप्टेंबर, रविवार

फझ टेस्ट, म्हणजे यंत्र स्वतःच वेडावाकडा डेटा बनवून टाकत राहतं आणि काय मोडतं ते बघतं. गो मध्ये १.१८ पासून, म्हणजे २०२२ पासून, आतच आहे. मॅप सरळ देता येत नाही त्याला, स्ट्रिंग, बाइट, आकडे असलंच देता येतं, म्हणून की वेगळी आणि व्हॅल्यू वेगळी देऊन आत मॅप बनवला. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मोडलेल्या स्ट्रिंग सुरुवातीलाच सोडून देते.

मी दोन गोष्टी मागितल्या. एक, पिन पास झाला तर तो खरंच सहा इंग्रजी आकडे असला पाहिजे. दुसरी, साफ केलेली की परत साफ केली तर ती बदलता कामा नये. पहिलीत काही सापडलं नाही. दुसरी मिनिटभरात पडली. शब्द, मग स्पेस, मग एक न दिसणारं चिन्ह. मी आधी ट्रिम करत होते, तेव्हा शेवटी ते न दिसणारं चिन्ह होतं म्हणून स्पेस सुटली, मग चिन्ह काढलं आणि स्पेस उघडी पडली. दुसऱ्या फेरीत ती ट्रिम झाली. म्हणजे पहिल्या फेरीनंतर "चकली" आणि स्पेस असलेली की परत मॅपमध्ये, गेल्या रविवारचं सगळं काम पाण्यात. ट्रिम सगळ्यात शेवटी नेलं. फझने सापडवलेली ती फाइल टेस्टडेटामध्ये तशीच कमिट केली, म्हणजे कोडबरोबर कायमची ठेवली.

३० सप्टेंबर, मंगळवार

दरांच्या जेसनमध्ये मावशीने ४०००२८ दोनदा लिहिलं, वर ० आणि खाली ३०. गो ने गुपचूप खालचं घेतलं. की दोनदा आली हे मॅपला कळतच नाही, आणि जेसनच्या नियमातही की एकदाच असावी असं सुचवलंय पण सक्ती नाही. गो १.२५ मध्ये जेसनची दुसरी आवृत्ती प्रयोग म्हणून आलीय, ती अशा की नाकारते, पण प्रयोगातली गोष्ट मी दिवाळीच्या तोंडावर घालणार नाही. फाइल टोकन टोकन (एकेक तुकडा) वाचून की परत आली तर थांबायचं, वीसेक ओळींत झालं. टेस्ट दोन.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला मावशीने पाटी लावली आणि ऑर्डरी घेणं सुरू केलं. आजपर्यंत अकरा. दोन नाकारल्या गेल्या, मी दोन्ही लॉगमध्ये बघितल्या. एकीत "खार्या शंकरपाळ्या", रफारवालं. कोणाच्या तरी कीबोर्डवर ऱ्य लिहिताच येत नसणार, हे मी चूक धरायला नको होतं, याचं टोपणनाव जोडलं आणि टेस्टच्या टेबलमध्ये एक ओळ वाढवली. दुसरीत बेसन लाडू दोनदा, काकूंनी फोन केला, एकच किलो हवे होते.

सातव्या नंबरची ऑर्डर त्या आजींची. काकूंना त्यांनी फोनवर पत्ता सांगितला तो "मुंबई २८" असाच आणि काकूंनी तसाच भरला. सर्व्हिसने विचारलं, ४०००२८ म्हणायचंय का, काकूंनी हो दाबलं. चकली ५००, चिवडा ५००, खाऱ्या शंकरपाळ्या २५०, पोचवायचे पैसे ०. वसुबारसेच्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः घेऊन जाणार आहे.